छत्तीस नंबरशी कोण खेळणार

वरळी, ४ जानेवारी

चि. अभयला आबाचा जय भीम.

पत्र बघून घाबरू नको, कोणी गेलेलं नाय. फोनवर मला अर्धं ऐकू येत नाय आणि उरलेलं तू गिळतोस. रविवारी होस्टेलवाले तुमचे मोबाईल परत देतात तेव्हा तू आईशी बोलतोस, आणि माया त्यातलं मला सांगायचं तेवढंच सांगते. माझी मुलगी आहे, मला माहीत आहे ती काय काय गाळते. म्हणून लिहितोय. तू पण लिही. एवढ्या मोठ्या क्लबात एक पेन असेलच.

खबर अशी की आपली फुटबॉलची टीम शहर करंडकात पोचली. शेवटच्या मॅचला एका बँकेच्या टीमला दोन-एकने घरी पाठवलं. चाळ पाडली, माणसं कोण टॉवरमध्ये, कोण बदलापूरला, पण टीमचं नाव अजून छत्तीस नंबरच. टॉवरचा सेक्रेटरी बोलला, आबा, चाळ राहिली नाय तर चाळीचा नंबर कशाला, काहीतरी झकास नाव ठेवा. मी बोललो, तू तुझी लिफ्ट सांभाळ.

आणि ड्रॉमध्ये समोर कोण निघावं, तर हार्बर सिटी. तुझाच क्लब.

अजित तेव्हापासून हवेत आहे. आपला कॅप्टन, पण चौतिशी आली, गुडघा कुरकुरतो, लालबागला मसाला कांडपावर दिवसभर उभा राहून येतो. समोरचा फॉरवर्ड तर त्याच्या अंगाच्या मिरचीनेच शिंकतो. हे त्याचं शेवटचं वर्ष. त्याला एकच पायजे, तुमच्या त्या ब्राझीलवाल्याला एकदा अडवायचं. टीव्हीवर बघून बघून त्याने त्याची चाल पाठ केली आहे.

आता मुद्दा. मैदानावर लोक बोलतात, हार्बर सिटी छोट्या कपात मेन टीम पाठवतच नाय, अकॅडमीची पोरं पाठवते. खरं काय ते एका ओळीत कळव. माझं म्हणणं साधं आहे. आमंत्रण घेतलंस तर स्वतः जेवायला ये, डबा न्यायला माणूस पाठवू नको.

जेवण नीट कर.

तुझा आबा


पनवेल, ९ जानेवारी

आबांना जय भीम,

पत्र आलं म्हणून सगळ्या होस्टेलने माझी खेचली. इथे कोणाला पत्र येत नाही.

छत्तीस नंबरचं ऐकून भारी वाटलं. अजितदादाला सांगा.

टीमचं मात्र सांगता येत नाही. कोच सरांचा नियम आहे, टीम बाहेर गेली तर सांगणारा पण बाहेर. आणि मला तरी सगळं कुठे कळतं. पण समजा पोरं आली, तर एवढं चिडू नका ना. सीनियर लोकांची लीग चालू आहे. आज गोवा, दोन दिवसांनी कोलकाता, परत येऊन लगेच मॅच. मध्ये हा कप. एखाद्याचा पाय गेला तर क्लबचं अख्खं वर्ष जातं. सगळीकडचे मोठे क्लब हेच करतात. आणि पोरं म्हणजे काही शाळेतली नाहीत. एकोणीस-वीस वर्षांची आहेत, रोज सीनियर लोकांच्याच लाथा खातात.

शिवाय पोरं आली तर तुम्हाला जिंकायचा चान्स जास्त नाही का?

माझं बरं चाललंय. करार मे महिन्यापर्यंत आहे, पुढचं पुढे बघू. खास असं काही नाही.

आईला सांगा चिवडा संपला.

अभय


वरळी, १५ जानेवारी

चि. अभयला जय भीम.

चिवडा पाठवतेय तुझी आई. खास काही नाय असं लिहिलंस म्हणजे तुझं पोट बिघडलंय, मी ओळखतो. बाहेरचं खाणं बंद कर.

तुझं सगळं वाचलं. एक पण मुद्दा पटला नाय. दमले म्हणे. अजित दमत नाय? त्याला कोण विश्रांती देतो? आणि जिंकायचा चान्स जास्त, हे तर बोलूच नको. पोरांना हरवून येऊ आणि टॉवरखाली नाचू, असं पायजे काय आम्हाला? आमच्या काळी मिलची कबड्डी टीम चाळीत खेळायला यायची. कॅप्टन स्वतः यायचा. आम्हाला मातीत लोळवायचा आणि जाताना चहा पिऊन जायचा. आजपर्यंत त्या हरण्याच्या गोष्टी सांगतो मी. जिंकलेल्या मॅचा विसरलो.

म्हणून मी काम केलं. निवेदन दिलं. आम्हाला आयुष्यात तेच येतं, पगार अडला निवेदन, पाणी अडलं निवेदन, चाळ पाडली तेव्हा किती दिली त्याला हिशेब नाय. लिहिलं की हार्बर सिटीने आपला पूर्ण संघ उतरवावा, कच्ची पोरं पाठवून वरळीच्या खेळाडूंचा अपमान करू नये. वरच्या मजल्यावरच्या बकुळाने कॉम्प्युटरवर छापून दिलं. मग सह्या. चाळीत गॅलरीत उभं राहून एक हाक मारली की सह्या झाल्या असत्या. इथे प्रत्येक मजल्यावर बेल दाबा, आतला भोकातून बघणार, मग साखळी काढणार. तरी सगळ्यांनी केल्या. तुझी आई तेवढी अडून बसली. बोलली, आधी अभयला विचारा. मी बोललो, विचारलं, त्याने तोंड उघडलं नाय. मग केली तिने सही, पण पेन आपटलं.

मी आणि अजित जाऊन करंडकाच्या समितीच्या ऑफिसात देऊन आलो. तिथला माणूस खूश झाला. बोलला, आम्ही सांगतो तर क्लबवाले ऐकत नाहीत, जनतेकडून आलं की बरं असतं. पेपरचा एक पोरगा तिथेच होता, त्याने फोटो काढला. अजित तोंड फिरवून उभा राहिला, कांडपावर पोट दुखतं सांगून आला होता.

बघू आता कोण येत नाय ते.

आबा


पनवेल, २१ जानेवारी

आबा,

निवेदन पोचलं. फोटो पण पोचला. मेसच्या भिंतीवर कोणीतरी चिकटवलाय आणि खाली लिहिलंय, आजोबांना पोरं नकोत. येता-जाता सगळे हसतात. ते माझे आजोबा आहेत हे मी कोणालाच सांगितलेलं नाही.

काल क्लबची मीटिंग झाली. सीनियर टीम खेळणार. ब्राझीलवाला पण. तुम्ही जिंकलात.

आता सांगायला हरकत नाही. कोच सरांनी त्या मॅचसाठी पोरांची टीम आधीच सांगितली होती. लेफ्ट बॅक मी होतो.

तुम्ही विचारलंत तेव्हा मी लपवलं. नियम होता हे खरं, पण नुसता नियम नव्हता. समोर छत्तीस नंबर, बेंचवर तुम्ही. तुम्हाला आधी कळलं असतं तर त्या दिवशी तुम्हाला धड ओरडता पण आलं नसतं, ना त्यांच्यासाठी ना माझ्यासाठी. म्हटलं, मैदानावरच बघतील.

माझा करार मेमध्ये संपतो. ठेवायचं की सोडायचं ते सर मला खऱ्या मॅचमध्ये बघून ठरवणार होते. लीगमध्ये मला कोण घेतंय? आमच्यासारख्यांना हाच कप असतो. छोटा आहे म्हणूनच आमच्या वाट्याला येतो.

एक विचारतो, राग मानू नका. तुम्हीच सांगता, मिलमध्ये माझ्या वयाचे असताना बदलीवर लागलात. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कायमवाला आला नाही तर त्याच्या जागी आत. तो आजारी पडला, गावाला गेला, दमून झोपून राहिला, म्हणून तुमचा नंबर लागायचा. तेव्हा गेटवर कोणीतरी निवेदन दिलं असतं, की आम्हाला कायमचेच कामगार पाहिजेत, ही कच्ची पोरं आत घेऊन आमच्या कापडाचा अपमान करू नका, तर तुम्ही माग कधी चालवला असता?

आईला यातलं काही सांगू नका. तिने पेन आपटलं ते बरोबर केलं.

अभय


वरळी, २८ जानेवारी

अभय, जय भीम.

पत्र वाचलं. पहिला राग आला. मग फेऱ्या मारल्या. टॉवरमध्ये फेऱ्या मारायला जागा नाय, चार पावलांवर भिंत येते, म्हणून खाली मैदानात गेलो. उत्तर शोधत होतो. बदलीचं तू बरोबर बोललास. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, मला आत घ्यायचा तो कापड काढायला, शिकवायला नाय. पण शिकलो तिथेच.

दुसऱ्या दिवशी समितीत गेलो. बोललो, निवेदन परत द्या. तो माणूस हसायलाच लागला. पोस्टर लागली, तिकिटं गेली, आजोबा, तुमचंच तर ऐकलं. मी बोललो, माझं चुकलं. तो बोलला, तुमचं एकट्याचं कुठे आहे, एवढ्या सह्या आहेत.

ते पण खरं. म्हणून सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर सगळे खाली जमलेलेच होते, तेव्हा टीमला थांबवून घेतलं. सांगितलं, असं असं आहे, माझ्या नातवाची जागा गेली, त्याचं पुढचं सगळं त्या मॅचवर होतं. आपण सगळ्यांनी मिळून क्लबला कळवूया, तुमची ठरलेली पोरंच पाठवा. जनतेकडून गेलं की ऐकतात.

सेक्रेटरी जिलेबी वाटत होता, तो थांबला. मग अजित बोलला.

"आबा, अभय माझ्या खांद्यावर बसून पहिली मॅच बघायला आलेला. मला वाईट वाटत नाय असं नाय. पण तो एकोणीस वर्षांचा आहे. मी नाय."

हात वर करायला सांगितले. सगळे अजितच्या बाजूने. कोणीतरी विचारलं, आबा, तुमचा हात? मी बोललो, मी मोजतोय.

तर हे असं आहे. माझ्याकडून आता काही होणार नाय. माफीबिफी लिहीत नाय, तुला वाचायला जड आणि मला लिहायला. पण एक सांगतो ते कर. खोलीत तोंड लपवून बसू नको. आम्ही गेटवर रोज उभे राहायचो, काम नसलं तरी. जॉबरला तोंड दिसलं पायजे. रोज दिसणाऱ्याला तो विसरत नाय. तुझ्या कोचच्या दारात जाऊन उभा राहा. खेळवा बोलू नको. बेंचवर घ्या बोल.

आबा

ता. क. तुझ्या आईला मी सांगितलं. दोन दिवस माझ्याशी बोलत नाय. चहा देते, साखर घालत नाय.


पनवेल, ३ फेब्रुवारी

आबा,

गेलो. सकाळी ग्राउंड उघडायच्या आधी सरांच्या केबिनबाहेर उभा राहिलो. म्हणाले, काय काम? म्हटलं, काही नाही, उभा आहे. हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी पण गेलो, तिसऱ्या दिवशी पण. मग म्हणाले, तुझा त्रास आहे.

आज नोटीस लागली. बेंचवर माझं नाव आहे. उतरवतीलच असं नाही. उतरवलं तर सर तेवढ्यावरच माझं ठरवणार आहेत.

अजितदादाला एक सांगा. मी आत आलो तर ओळख दाखवू नको, आणि मला सोडू पण नको. मॅच झाल्यावर भेटायला पण येऊ नको, सगळे बघत असतात.

आणि तुम्ही नीट ओरडा. छत्तीस नंबरसाठी.

अभय


वरळी, ९ फेब्रुवारी

अभय, जय भीम.

तू मैदानात होतास, पण तू सगळं बघितलं नसशील. म्हणून लिहितो.

अर्धा टॉवर कूपरेजला आला होता. सेक्रेटरी ढोल घेऊन आला, तो गेटवरच अडवला, बरं झालं. तुमचे सीनियर लोक बसमधून उतरले तेव्हा आमची पोरं पाणी प्यायचं विसरली. मी दोघांच्या पाठीत धपाटे घातले.

चार गोल खाल्ले. त्याचं मला काही नाय. तुमच्या ब्राझीलवाल्याने एक पेनल्टीवर मारला, एक कॉर्नरवरून डोक्याने. पण अजितच्या अंगावरून एकदाही गेला नाय. एकदा अजितने त्याच्या पायातून बॉल स्वच्छ काढला. गडी थांबला, मागे वळून अजितकडे बघायला लागला, हा कोण आणि कुठून आला. शिंकला का ते मला दिसलं नाय.

मग तू उठलास. मला शिट्टी ऐकू येत नाय, बोर्डावर तुझा नंबर दिसला. तू आत येताना आमच्या बेंचकडे बघितलं नाय. बरोबर केलंस. थोडाच वेळ राहिला होता. मी अजितला ओरडलो, चार खाल्लेत, पाचवा खाल्ला तर काय बिघडतं, पुढे जा. तो मागचा माणूस पुढे आला तो माझ्यामुळे. हे तुला माहीत असावं.

तुझ्याकडे बॉल आला आणि तू थांबलास. कोणाला देऊ, कोणाला देऊ करत होतास. मला तिथून दिसत होतं की अजित येतोय. तोंडापर्यंत आलेलं, अभय, मागे. नाय ओरडलो. मी छत्तीस नंबरच्या बेंचवर बसलेलो.

त्याने बॉल काढला, दोन ढांगा टाकल्या आणि मारला. गोल. हार्बर सिटीवर आमचा गोल. सगळं स्टँड उठलं, तुझी आई सोडून. मी पण उठलो. खोटं कशाला सांगू, दोन्ही हात वर करून उठलो. आणि मग तू दिसलास.

तिथून पुढे मी आमची मॅच बघितली नाय, तुला बघत होतो. चुकल्यावर माणूस लपायला जागा शोधतो. मागावर माझा पहिला धागा तुटला तेव्हा मी संडासात जाऊन बसलो होतो. तू हात वर करून बॉल मागत होतास. तुमच्या मोठ्यांनी दिला नाय. परत मागितलास. परत नाय दिला. शिवी पण दिली कोणीतरी, तोंडावरून कळत होतं. मग दिला, आणि तू अजितला बाहेरून काढून पळालास. कडेकडेने. बॉल मध्ये मारलास, कोणाच्या उपयोगी पडला नाय. पण मारलास.

अजित तुला भेटायला आला नाय, तुझंच ऐकलं. येताना गाडीत रडला. गोल मारून रडणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला.

आता ते तुला ठेवतील का काढतील, मला कळत नाय. झोप नीट लागत नाय एवढं खरं. मोठ्यांनी यायला पायजे हे मी अजून बोलतो, अजितकडे बघून बोलतो. तुझ्याकडे बघितलं की दुसरंच तोंडात येतं. दोन्ही खरं आहे, आणि मला असं दोन्ही खरं असलेलं आवडत नाय.

काय ते लवकर कळव. बरं असो, वाईट असो.

आबा


पनवेल, १७ फेब्रुवारी

आबा,

सरांनी आठवडाभर काही सांगितलं नाही. मी रोज केबिनबाहेर उभा. काल आत बोलावलं. मोबाईलवर तो गोल दाखवला. परत दाखवला. मला वाटलं, झालं.

म्हणाले, तुझा बॉल काढला तो कोण? म्हटलं, लालबागला मसाला कांडपावर कामाला आहे. म्हणाले, त्याच्याकडे जाऊन शिक, बॉल पायात असताना मागे बघतात कसं. मग पुढचं चालू केलं, मी बॉल मागतोय तिथपासून. ते शेवटपर्यंत बघितलं.

पुढची फेरी दोन तारखेला आहे. सीनियर लोक कोलकात्याला जाणार, कपात पोरंच. समोर कफ परेडच्या मच्छीमार नगरची टीम. मी पहिल्यापासून आहे, लेफ्ट बॅक. कराराचं सर त्या मॅचनंतर सांगणार.

टीम बाहेर सांगायची नाही हा नियम अजून आहे. तरी तुम्हाला सांगतोय. या वेळी सांगतोय.

अजितदादाला आता भेटायला सांगा. रविवारी सुट्टी आहे, मी येतो.

अभय


वरळी, २३ फेब्रुवारी

अभय, जय भीम.

तू काल येऊन गेलास, अजितने तुला मैदानात दुपारभर पिदडलं ते पण बघितलं. तेव्हा सगळे होते, मला बोलायचं ते राहिलं.

तू गेल्यावर तुझी आई पेढे आणायला निघाली. मी अडवलं. बोललो, अजून खेळला कुठे. चहात साखर मात्र परत आली.

मच्छीमार नगरवाले तुमच्यावर चिडलेले असणार. त्यांनी पण पोस्टर बघून ब्राझीलवाल्याची वाट बघितली असेल, आणि येणार कोण, तर तुम्ही. त्यांच्यात एखादा म्हातारा असेलच, होडी बांधून सकाळपासून येऊन बसलेला आणि पोरं पाठवली म्हणून शिव्या घालणारा. घालू दे. त्याचं काही चुकत नाय.

मी त्याच्या बाजूलाच जाऊन बसणार आहे. त्याला एक शब्द बोलणार नाय. तू असा खेळ की अर्ध्या तासाने त्यानेच मला कोपर मारून विचारावं, तो डाव्या बाजूचा पोरगा कोणाचा.

आबा